आता नको, उडेल

प्रिय दादा,

तुझा निरोप ऐकला. आधी वसतिगृहाच्या जिन्यात ऐकला, मग खोलीचे दार लावून ऐकला, आणि त्यानंतर पुन्हा एकदा, केवळ खात्री करून घेण्यासाठी, की हे तू खरोखरच माझ्याकडे मागितले आहेस. नवे माहितीपत्रक छापायचे आहे. पहिल्या पानावर घराचा फोटो, शेवटच्या पानावर पायवाटांचा नकाशा, आणि मधल्या पानावर ‘ती शीळकऱ्याची गोष्ट’. ‘तुझ्या त्या छापील भाषेत लिहून दे, मास्तरीणबाई. लांबड लावू नकोस. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे आणि त्यानं लगेच खोली राखून ठेवली पाहिजे.’ एवढे बोलून तू हसला आहेस. बाबांना जाऊन अजून वर्ष झालेले नाही, आणि त्यांच्या मरणाची गोष्ट मधल्या पानावर कशी बसेल याचा तू विचार करतो आहेस. माझ्या अंगाची लाही लाही झाली आहे, दादा. हे वाक्य मी तीन प्रकारे लिहून पाहिले. यापेक्षा सौम्य होत नाही.

हे मी तुला फोनवर सांगू शकले असते. पण फोनवर काय होते हे आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे. मी वाक्य जुळवत असते, तू ते मधूनच उचलतोस, ‘अगं, मुद्द्यावर ये’ म्हणतोस, आणि मुद्दा माझ्या घशातच राहतो. आपल्या घरात बोलायचे काम तुझ्याकडे होते, वाचायचे माझ्याकडे. बक्षीस समारंभात पहिल्या क्रमांकासाठी माझे नाव पुकारले की मी मान खाली घालून बक्षीस घेऊन यायची, आणि तू शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला सांगत असायचास, ‘आमचीच आहे ही. घरीसुद्धा मुकीच असते.’ कागदावर मी मुकी नाही. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. म्हणून शेवटपर्यंत वाच, आणि पाहुण्यांसमोर वाचू नकोस.

तू ती गोष्ट सांगताना काही भाग गाळतोस. मी गेल्या सुट्टीत जेवणघराच्या दाराआड उभी राहून ती ऐकली आहे. लोखंडी शेगडीभोवती ओले मोजे वाळत घातलेले, पाहुण्यांच्या हातांत चहाचे मग, बाहेर व्हरांड्यात चिखलाने भरलेल्या बुटांची रांग, आणि मधोमध तू, आवाज हळूहळू खाली नेत. तुला सांगता येते, यात वादच नाही. एका बाईने रुमाल काढला होता. तू जे गाळतोस तेच मी आधी लिहिते, कारण ते गाळल्याशिवाय तुझी गोष्ट उभीच राहत नाही.

आपल्या घरच्या भटकंतीचा एक नियम होता, आणि तो बाबांनी घातला होता. ओळीत सर्वांत पुढे चालणारा ‘डोके’, सर्वांत मागचा ‘शेपूट’. मधले पाहुणे कोणी हळू चालतात, कोणी फुलांचे फोटो काढत बसतात, कोणाच्या बुटाचा तळ निघतो. त्यांतला कोणीही शेपटाच्या मागे राहता कामा नये. वाटेवर जिथे जिथे दगडांची रास रचलेली आहे, तिथे डोक्याने थांबायचे आणि शीळ घालायची. शेपटाने उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही, तर सगळ्यांनी मागे फिरायचे. हाका मारायच्या नाहीत, कारण हाकेने पाखरे उडून डोंगर रिकामा होतो आणि मग पाहुण्यांना दाखवायला फक्त दगड उरतात. म्हणून आपली शीळ शीळकरी पक्ष्याची होती, दोन लांब सूर आणि एक तुटलेला. मला ती कधी धड जमली नाही. तुला इतकी जमायची, की बाबा म्हणत, ‘याला बायको मिळाली नाही तर हा शीळकऱ्याच्या मादीशी संसार करील.’

आणि आता तो भाग, जो तू गाळतोस. ती शीळ आपण फक्त थंडीत वापरत होतो. उन्हाळ्यात शीळकरी स्वतःच कड्याकड्यावरून गात असतो, माणूस कोणता आणि पक्षी कोणता ते कळेनासे होते. आठवते ना, शेपूट झालेला मामा ओढ्यात पाय सोडून आरामात बसला होता, पक्ष्याने त्याच्या वतीने उत्तर दिले, आणि आपण त्याला सोडून पार खिंडीपर्यंत गेलो? मामाने त्यानंतर कितीतरी दिवस आपल्याला टोमणे मारले, ‘मला काय, माझं काम पाखरं करतात.’ त्याच दिवशी बाबांनी ठरवले, उन्हाळ्यात दगडावर दगड आपटायचा आणि थंडीत शीळ घालायची. थंडी पडली की शीळकरी खाली ओढ्याकाठच्या झाडीत उतरतो आणि त्याचे गाणे बंद होते. फार तर एखादी कर्कश किंचाळी, तीही कोणी अंगावर गेले तर. गाणे नाही, दोन लांब सूर नाहीत. तुला हे माझ्याआधी माहीत होते. मला ते तूच शिकवलेस.

तरीही तू शेगडीपाशी बसून सांगतोस, की त्या थंड सकाळी, तू डोके आणि बाबा शेपूट, धुके चढत असताना, तू कड्याखालच्या राशीपाशी थांबून शीळ घातलीस. खालून उत्तर आले. तू निश्चिंत होऊन पुढे गेलास. आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर आईने ‘हे कुठे आहेत?’ विचारले, तेव्हा तुला कळले की उत्तर बाबांनी दिलेच नव्हते. डोंगरातल्या एका पक्ष्याने दिले होते. ‘ज्या माणसानं आयुष्यभर पक्ष्यांना साद घातली, त्याच्या वतीनं शेवटी पक्ष्यानंच साद दिली.’ इथे तू थांबतोस. इथेच त्या बाईने रुमाल काढला होता. आणि मी दाराआड उभी राहून विचार करत होते, या महिन्यात? त्या उंचीवर? कोणता शीळकरी, दादा?

पण मी तेव्हा बोलले नाही, कारण मला खात्री नव्हती. दुःखात माणसाचे कान वाजतात, असे मी स्वतःला समजावले. चुकून वाऱ्याची शिट्टी ऐकली असेल, एखाद्या पाहुण्याने गंमत केली असेल. तुझ्यासाठी इतकी निमित्ते मी शोधली, की ती तुलाही सुचली नसती.

बाबांना शोधून खाली आणल्यानंतरचे रुग्णालयातले ते दिवस मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. तू सकाळी यायचास, डॉक्टरांशी मोठ्याने बोलायचास, फळे ठेवायचास आणि जायचास. पाहुणे होते, घर चालवायचे होते, मान्य. बाबांजवळ मी बसत होते. त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि दिवसभर गोठलेल्या जमिनीवर पडून राहिल्याने छातीत पाणी झाले होते. बोलायला त्रास व्हायचा, तरी त्यांना सगळे नीट सांगायचे असे. ओढ्यावरच्या दगडावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता, पाय गेला, आणि श्वासच घेता येईना तर शीळ कुठून घालणार? पण ते घाबरले नव्हते. त्यांनी हिशेब केला होता, की आता वरून शीळ येईल, आपण गप्प राहू, आणि आपण गप्प राहिलो की पोरगा मागे येईल. म्हणून ते पडल्या पडल्या ऐकत राहिले. सर्व लक्ष कानांत. आणि शीळ आली नाही.

हे त्यांनी तुझ्यासमोर सांगितले, तेव्हा तू पलंगाच्या पायथ्याशी उभा होतास. तू म्हणालास, ‘मी घातली होती, बाबा. उत्तरही आलं. शीळकरी असणार.’ बाबांनी तुझ्याकडे पाहिले आणि दोनच शब्द उच्चारले, ‘या दिवसांत?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाहुण्याने चुकीचे नाव सांगितले की ते जसे विचारत, तसेच विचारले. आणि तू, माझ्या बोलक्या भावा, क्षणभरही न थांबता म्हणालास, ‘बाबा, वय झालं की बारीक आवाज आधी जातात. तुम्हाला माझी शीळ ऐकू आली नाही, तसा तो पक्षीही ऐकू आला नसेल. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.’ तू त्यांच्या खांद्यावर थोपटलेस. वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही! ज्या माणसाने डोळे मिटून झाडीतले दहा पक्षी वेगळे केले, ज्याला आई कोणत्या खोलीत उसासा टाकते हे अंगणातून कळायचे, त्याला तू म्हणालास की आता तुम्ही बहिरे झालात.

त्यानंतर बाबांनी काय केले ते तुला माहीत नाही, कारण तू निघून गेला होतास. त्यांनी मला पलंगाच्या मागे उभे केले आणि चमचा कपावर हळू वाजवायला सांगितला. ‘आता वाजवलास?’ हो. ‘आता?’ हो. पलीकडच्या वॉर्डातल्या ढकलगाडीचे मागचे चाक किरकिरते हे त्यांनी परिचारिकेला सांगितले. ती म्हणाली, ‘आजोबा, ते आम्हालासुद्धा ऐकू येत नाही.’ खिडकीबाहेर पारवे घुमत होते, तेही ऐकू येत होते. मग ते आढ्याकडे पाहत म्हणत, ‘मग त्या दिवशीच काय झालं असेल गं?’ मी काय सांगणार होते? मला माहीतच नव्हते. एकदा त्यांनी मला विचारले, ‘त्यानं घातली असेल ना शीळ?’ आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिले, ‘घातलीच असेल. माझेच कान.’ पोरावर संशय घेण्यापेक्षा त्यांनी कानांवर घेतला. दोन्हींतले एक खोटे ठरणार होते, आणि त्यांनी स्वतःला खोटे ठरवले. आईलाही त्यांनी तेच सांगितले. तसेच गेले.

आता मला खात्री कशी झाली ते ऐक. मागच्या आठवड्यात माझी अक्कलदाढ काढावी लागली. वसतिगृहातल्या मैत्रिणीने एका दंतवैद्याचा पत्ता दिला. त्याने कागदावरचे माझे आडनाव वाचले, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले, आणि एकदम म्हणाला, ‘अहो, तुम्ही त्या डोंगरावरच्या घरातल्या का? तुमचे बंधू म्हणजे काय माणूस आहे!’ तोपर्यंत माझा जबडा बधिर झालेला, तोंडात कापसाचे बोळे, डोळ्यांवर दिवा. एक शब्द बोलण्याची सोय नाही. आणि तो आनंदाने सांगत राहिला. त्या दिवशीच्या तुझ्या ओळीत तो होता, दादा. आधी त्याने बाबांबद्दल हळहळ व्यक्त केली, ‘आम्हाला वाटलं, ते मधूनच घरी परतले असतील, तुमचे बंधूही तसंच म्हणाले.’ आणि मग त्याला राहवेना. ‘पण काय दर्शन झालं त्या सकाळी! दाढीवालं गिधाड, हो! समोरच्या खडकावर, इतकं जवळ, की दुर्बिणीत मावेना. कितीतरी वेळ बसलं होतं. तुमच्या बंधूंनी आम्हाला जागच्या जागी बसवलं, तोंडावर बोट. कॅमेऱ्याचं बटणसुद्धा दाबताना भीती वाटत होती. आमच्यातल्या एकानं राशीकडे बोट दाखवून विचारलं, इथे शीळ घालायची ना? तर ते म्हणाले, आता नको, उडेल.’

आता नको, उडेल.

त्याने मला जबडा सैल सोडायला सांगितले. त्याला वाटले, मला दुखते आहे.

गिधाड उडाले तेव्हा तुम्ही सगळे ओरडलात म्हणे, एकमेकांना मिठ्या मारल्यात. मग धुके दाटून आले आणि सर्व जण घाईने पलीकडच्या उताराला लागलात. शीळ राहूनच गेली. इतकेच झाले होते. तू दुष्ट नव्हतास. तू विसरलास. वाट पाहून डोळे थकतात असा पक्षी समोर बसला, आणि खाली बाप आहे हे तू विसरलास. ही चूक मला समजते. हेच तुला कळलेले दिसत नाही, म्हणून मला इतका संताप येतो. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला ही चूक समजणार नाही तर कोणाला समजेल? मी तिथे असते, तर मीही कदाचित श्वास रोखून बसले असते.

आणि बाबा! त्या खडकाखाली फुटलेल्या हाडांचे तुकडे पहिल्यांदा कोणाला सापडले होते? दाढीवाल्या गिधाडाला ‘हाडफोड्या’ म्हणत ‘हाडफोड्या इथं येतो,’ असे आपल्याला कोण सांगत होते आणि आपण हसत होतो? दर थंडीत त्या खडकापाशी येऊन मान वर करून कोण उभे राहायचे? तू त्या पलंगापाशी येऊन खरे बोलला असतास, ‘बाबा, शीळ नाही घातली, हाडफोड्या बसला होता,’ तर काय झाले असते ते मी तुला सांगते. ते रागावले असते. तुला गाढव म्हणाले असते, नियम कशासाठी असतात म्हणाले असते, खोकला येईपर्यंत बोलले असते. आणि मग, तुलाही ठाऊक आहे, त्यांना राहवले नसते. त्यांनी विचारले असते, ‘छाती तांबूस होती की अजून काळपट? वाढलेला होता की पोरगा?’ तू त्यांना सगळे सांगितले असतेस, त्याने मान कशी वळवली, पंख उघडताना आवाज कसा झाला. आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले असते. शेवटच्या दिवसांत त्यांना हाडफोड्या भेटला असता. त्याऐवजी ते कपावर वाजणारा चमचा ऐकत गेले.

तुझी चूक त्या डोंगरावर झाली; अपराध त्या पलंगापाशी झाला. आणि आता त्याच अपराधावर माझ्याकडून वेलबुट्टी काढून घेऊन तो तू माहितीपत्रकात छापणार आहेस. माझी भाषा बाबांनी पुरवलेल्या पुस्तकांवर पोसली आहे. तिच्यातले एक अक्षरही तुला मिळणार नाही.

एवढे लिहून मी थांबले असते, आणि हे पत्र बहुधा टाकलेही नसते. मी अशी पुष्कळ पत्रे लिहून फाडली आहेत. पण काल आईचा फोन आला. ज्या बाईला कावळा सोडून सगळी पाखरे चिमण्याच वाटतात, तिने मला विचारले, ‘तुला पुस्तकातलं कळतं म्हणून विचारते. माणूस बहिरा व्हायला लागला, तर घरच्यांना आधी काय दिसतं?’ मी म्हटले, का गं? तर म्हणाली, ‘चहा झाला म्हणून हाका मारायचे मी, तर हे लवकर यायचे नाहीत. मी खेकसायचे, लक्ष कुठं असतं तुमचं म्हणून. माणसाला ऐकूच येत नव्हतं गं, आणि मला कळलं नाही. मीच त्यांना म्हटलं होतं, आता पुढं पोराला चालू द्या, तुम्ही मागं राहा. बहिऱ्या माणसाला मी शेपटाला पाठवलं.’ तू संध्याकाळी शेगडीपाशी गोष्ट सांगतोस ना, दादा, तेव्हा ती आत पाहुण्यांची ताटे विसळत असते आणि प्रत्येक वेळी ती गोष्ट तिच्याविरुद्ध निकाल देते. पाहुण्यांच्या डोळ्यांतले पाणी तुला दिसते, आतले दिसत नाही. शनिवारी माझा शेवटचा पेपर आहे. रविवारी मी घरी येते आहे. तोपर्यंत तू तिला सांगितलेले असले पाहिजे. पक्षी नको, धुके नको, आवाज खाली नेणे नको. सांगितले नसलेस तर मी सांगेन, अडखळत सांगेन, वाक्ये चुकवत सांगेन, जेवणघरात पाहुणे बसलेले असले तरी सांगेन. पण ते माझ्याकडून कळण्यात तिचे निम्मेच ओझे उतरेल, कारण तिला वाटेल की धाकटी समजूत काढते आहे. त्यांचे कान शाबूत होते, एवढे वाक्य तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

रागावलेली, तरीही तुझीच,
धाकटी